रव्याएवढा कण, नारळाएवढी गाठ

"बर्फ कधीपासून खातेस?"

वहिनींनी विचारलं तेव्हा मी फ्रीजपाशी उभी होते आणि चौथा खडा दाढेखाली फुटत होता. गणपती चार दिवसांवर आलेले. साताऱ्याच्या घरात तुपावर रवा भाजल्याचा वास, बाहेर पावसाची रिपरिप.

"उन्हाळ्यात सवय लागली."

"आणि भर श्रावणातही सुटेना? इकडे ये." गॅस बारीक करून त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं ओढून आतला रंग पाहिला. "हिमोग्लोबिन किती आहे?"

"७.६."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ३४ वर्षं परिचारिका, त्यातली बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. बर्फ, खडू, भाजकी माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही अंगातलं लोह आटल्याची खूण असते, हे त्यांनी कितीतरी बायकांत पाहिलेलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. हे मलाही ठाऊक होतं, पण माझ्याच तोंडातल्या बर्फाशी त्याचा संबंध मी लावला नव्हता. बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं. ८च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं तो तीव्र रक्तक्षय.

"आणि असल्या अंगानं तू पुण्याहून एसटीत उभी राहून आलीस."

उभी आले, कारण बसायची भीती वाटते. तीन वर्षं झाली. पाळीचे पहिले चार दिवस दोन पॅड एकावर एक लावायचे, तासाला बदलायचे, रात्री खाली जुनं बेडशीट चौघडी करून घालायचं. शाळेत गडद रंगाच्याच साड्या. तास संपला की खुर्चीवरून उठण्याआधी मागं हात फिरवायचा. दहावीतल्या एका मुलीच्या हे लक्षात आलंय. घंटा झाली की ती काही न बोलता माझ्या मागून चालत येते, स्टाफरूमच्या दारापर्यंत. तिच्याशी मी याबद्दल कधी बोलले नाही. तीही बोलली नाही.

पूर्वी पुस्तकात माप होतं: एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते अति. घरात कोण मोजणार? ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूत्रांनी आता हे माप बाजूला ठेवलंय. जाणाऱ्या रक्तानं बाईच्या रोजच्या जगण्यात खोडा घातला, म्हणजे ते अति. मला ही व्याख्या पटते. त्या मुलीला माझ्या मागून चालावं लागतं, एवढं मोजमाप पुरे आहे.

"काढून टाक," वहिनी म्हणाल्या. कढईतला रवा पुन्हा हलू लागला. "दोन पोरं झाली, चव्वेचाळिशी आली. गर्भपिशवी ठेवून करायचंय काय? मला सत्तेचाळिसाव्या वर्षी काढली. त्याआधी चार वर्षं माझं काय झालं होतं ते तुला माहीत नाही. थिएटरमध्ये हिरवे कपडे, तिथं निभायचं. पण वॉर्डात ड्युटी लागली की पांढरा युनिफॉर्म. पांढरा! माझ्या पर्समध्ये पाळीचे पाच दिवस दुसरा युनिफॉर्म इस्त्री करून असायचा. ऑपरेशन झालं, दीड-दोन महिन्यांत कामावर आले, आणि पहिल्या दिवशी डबा खायला बाकावर निवांत बसले. त्या बसण्याचं सुख तुला कसं सांगू?"

सांगायची गरज नव्हती. त्या बसण्यासाठी मीही काय वाटेल ते द्यायला तयार आहे. पण मी नाही म्हटलं.

"का नाही?"

"आईमुळे."

माझ्या आईची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, पाळीत थोडं जास्त जायचं. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि सांगितलं, गाठ आहे, उद्या कॅन्सर होईल. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. ती काढणार आहेत हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर कागदावर वाचलं. छत्तिसाव्या वर्षी तिला रात्री घामानं ओलं होऊन उठायला लागायचं. हाडं झिजत गेली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला तर खुबा मोडला. त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही. गर्भाशयाच्या साध्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, स्नायूच्या बनलेल्या असतात. त्यांचा कॅन्सर होणं अगदी दुर्मीळ. हे तिला कुणी सांगितलं असतं तर?

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काढलेली पिशवी बरणीत घालायचं काम माझं असायचं. फॉर्मॅलिन ओतायचं, झाकण लावायचं, चिकटपट्टीवर नाव, वय, तारीख. नाव लिहिताना काही वाटायचं नाही. वय लिहिताना हात थांबायचा. ४८, ५१, ठीक. कधीकधी २९. कधी ३१."

"मग तुम्हीच सांगताय मला काढून टाक?"

"हो. कारण तू एकतीसची नाहीस आणि तुझ्या गाठी खऱ्या आहेत."

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट बाहेर आली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा पडला की दंड. फडात ना पाणी, ना आडोसा. पाळीच नको, पिशवीच नको, असं ठरवून दवाखान्यात जाणारी बाई आणि तिला कॅन्सरची भीती घालणारा डॉक्टर, दोघं एकमेकांना भेटले. पण हे एकट्या बीडचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ पासून पिशवी काढल्याबद्दल प्रश्न विचारला जातो. ज्यांची काढली त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणींनी कारण दिलं ते हेच, अति रक्तस्राव. जवळजवळ दोन तृतीयांश ऑपरेशनं खाजगी दवाखान्यांत झालेली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा.

मी हे सगळं वहिनींना ऐकवलं. माझा आवाज चढला असावा, कारण हॉलमधून दिरांनी डोकावून पाहिलं.

"ऐक," वहिनी म्हणाल्या. "त्या फडातल्या बाईवर अन्याय झाला. तुझ्या आईवर झाला. पण त्यांचा राग तू स्वतःच्या अंगावर काढतेयस. त्यांना नको ते ऑपरेशन केलं म्हणून तू हवं तेही करणार नाहीस? ७.६वर शाळा करते आहेस. हृदयावर ताण येतो त्यानं. काय ठरवलंयस ते तरी सांग."

मी परातीतला जाड रवा चिमटीत घेतला आणि तळहातावर पसरला. मी ठरवलं होतं एम्बोलायझेशन. ते त्यांना समजावून सांगायचं तर याहून चांगलं साधन नव्हतं.

मनगटाच्या किंवा जांघेतल्या धमनीत टाचणीएवढं छिद्र. त्यातून शेवयीसारखी बारीक नळी आत सरकवत गर्भाशयाच्या धमनीपर्यंत न्यायची. बाई जागी असते. पडद्यावर एक्स-रेच्या चित्रात ती धमनी नागमोडी, मळसूत्रासारखी दिसते. मग नळीतून अर्धा-पाऊण मिलिमीटरचे कण सोडायचे, या रव्याएवढे. रक्ताचा ओढा गाठीकडे जास्त असतो, त्यामुळे कणही तिकडेच वाहत जातात आणि तिच्या रक्तवाहिन्या बुजवतात. डावी झाली की उजवी. गर्भाशयाला अंडाशयाकडून येणाऱ्या वाहिन्यांचा आधार असतो, ते जगतं. गाठीला तसा दुसरा आधार नसतो, ती उपाशी मरते. महिन्यांमागून महिने आक्रसत साधारण निम्म्यावर येते. पोटावर एक टाका नाही. एक-दोन दिवसांत घरी.

याचा शोध लागला तोही मोठ्या विलक्षण रीतीनं. पॅरिसच्या लारिबॉयझिएर रुग्णालयात जाक राविना नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ गाठी काढण्याच्या ऑपरेशनात फार रक्त जाऊ नये म्हणून आधी धमनी बुजवून घेत. काही बायका ऑपरेशनच्या तारखेला परतल्याच नाहीत. त्यांचं रक्त जायचं थांबलं होतं, ऑपरेशन कशाला? १९९५ साली राविनांनी १६ बायकांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. आजारी बाईनंच आपल्या वागण्यातून डॉक्टरांना दाखवून दिलं, एवढं पुरे झालं म्हणून. मला ही गोष्ट वाचल्यापासून धीर येतो. अमेरिकेच्या कोंडोलिझा राइस यांनी परराष्ट्रमंत्रिपदाच्या तोंडावर, २००४च्या नोव्हेंबरात हेच करून घेतलं आणि लगेच कामाला लागल्या.

वहिनींनी माझ्या हातावरचा रवा झटकून कढईत टाकला. "मेलेली गाठ जाते कुठे?"

"म्हणजे?"

"आत मेली ना? बाहेर यायला वाट नसेल तर सुकते, ते मला पटलं. पण पिशवीच्या पोकळीत लोंबणारी गाठ मेली तर? ती सुटते. खालून पडते, तुकड्यांनी. कधी अडकते, पू होतो, ताप चढतो. आणि पहिल्या रात्रीचं दुखणं कुणी सांगितलं तुला? रक्त तोडलेला स्नायू ओरडतो गं. मॉर्फिन लागतं. भोक टाचणीएवढं असलं म्हणून दुखणं टाचणीएवढं नसतं."

हे खरं आहे, आणि मी वाचलेल्या अभ्यासांचे आकडेही वहिनींच्याच बाजूला झुकतात हे मला कबूल करावं लागलं. नेदरलँड्समध्ये १७७ बायकांवर एक चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या एम्बोलायझेशनला, निम्म्या पिशवी काढायला. एम्बोलायझेशनवाल्या लवकर घरी गेल्या, लवकर कामाला लागल्या. पण दहा वर्षांत त्यांच्यातल्या साधारण दर तिघींत एकीला शेवटी पिशवी काढावी लागली. ब्रिटनमध्ये २५४ बायकांत एम्बोलायझेशनची तुलना नुसत्या गाठी काढून गर्भाशय ठेवण्याच्या शस्त्रक्रियेशी केली, २०२०मध्ये निष्कर्ष छापले. दोन्हींकडे सुधारणा भरपूर, पण दोन वर्षांनी गाठी काढलेल्यांचं जगणं थोडं जास्त सुखाचं.

"तिघींत एक," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे तिघींत दोघींची वाचली."

"तू दोघी मोजतेस, मी एक मोजते. कारण ती एक माझ्याकडे परत यायची." त्यांनी साखर मोजून पातेल्यात ओतली. "जावळीच्या वरच्या वाड्यांतून बाई यायची. तीन तास चालत, मग वडाप, मग एसटी. बरोबर सासू, कडेवर पोर. ती म्हणायची, सिस्टर, एकदाच काय ते करा, पुन्हा यायला लावू नका. तिला मी सांगू की गाठ सहा महिन्यांनी आक्रसेल, दर तीन महिन्यांनी सोनोग्राफीला ये, आणि तिघींत एकीला पुन्हा? कमी कापणं हे तुम्हा पुण्या-मुंबईवाल्यांना परवडतं. तो एक्स-रेचा पडदा आणि ती नळी घालणारा डॉक्टर तालुक्याला आहे का?"

"नाही. पण म्हणून तिला सांगायचंच नाही?"

"सांगायला वेळ कुणाला होता? ओपीडीत शंभर बायका."

"गोळ्या तरी? पाळीच्या दिवसांत घ्यायच्या, रक्त थांबवणाऱ्या?" ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचा शोध जपानमध्ये उताको ओकामोतो या डॉक्टरबाईंनी नवऱ्याबरोबर १९६०च्या सुमारास लावला, तो बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचवायला. साधं औषध आहे. "किंवा हार्मोनची तांबी? पाच-सहा वर्षं बसते. किती जणींची पिशवी त्यावर वाचली असती, वहिनी? ती बाई 'एकदाच करा' म्हणाली, कारण दुसरं काही असतं हे तिला ठाऊकच नव्हतं."

यावर वहिनींनी उत्तर दिलं नाही. पाकाला उकळी फुटली होती. त्यांनी दोन बोटांत थेंब घेऊन तार पाहिली, पुन्हा पाहिली.

वहिनींचा दूर वाड्यांतल्या बाईचा मुद्दा मी अजून मनातून काढू शकलेले नाही. पोटावर किती कापलं यावरून उपचार मोठा की छोटा हे आपण ठरवतो. त्या बाईच्या दृष्टीनं मोठा उपचार म्हणजे ज्याला चार फेऱ्या लागतात तो. तिच्यासाठी बारीक छिद्र हेच ओझं ठरू शकतं. पण मला एवढंच म्हणायचं आहे की हे तिनं ठरवावं, आणि ठरवण्याआधी तिच्यापुढे सगळं मांडलेलं असावं.

"बरं, दुर्बिणीतून नुसत्या गाठी काढल्या तर?" मी विचारलं. "पिशवी राहील, पोटाला तीन-चार छोटी भोकं."

"आणि नारळाएवढी गाठ त्या भोकातून बाहेर कशी येणार?"

वहिनींना यंत्र माहीत होतं. मॉर्सेलेटर. पोटाच्या आतच गाठ फिरत्या पात्यानं सोलून तिच्या लांबट पट्ट्या बाहेर ओढायच्या. डॉ. एमी रीड या अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ बाईंचं २०१३मध्ये असं ऑपरेशन झालं. साधी समजलेली गाठ सार्कोमा निघाली, आणि यंत्रानं तिचे कण पोटभर पसरले होते. त्या आणि त्यांचे पती जाहीरपणे लढले. २०१४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या यंत्राविरुद्ध इशारा दिला. त्यांच्या अंदाजानं फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन झालेल्या साधारण ३५० जणींत एकीत असा लपलेला कॅन्सर निघू शकतो. हा आकडा जास्त धरलाय असं अनेक तज्ज्ञांचं म्हणणं आहे. आता पोटात वेगळी थैली पसरून गाठ तिच्या आत कापतात. डॉ. रीड २०१७मध्ये गेल्या. सहा मुलं मागे ठेवून.

"छोट्या भोकाची हौस," वहिनी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, दुःख होतं.

मग मी त्यांना व्हिक्टर बॉनी यांच्याबद्दल सांगितलं. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले शल्यविशारद. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय गाठीपायी तरुणपणीच काढलं गेलं. मूल झालं नाही. बॉनींनी पुढे एक ध्यास घेतला, गाठी काढायच्या, गर्भाशय शिवून ठेवायचं. सातशेहून अधिक बायकांचं त्यांनी असं ऑपरेशन केलं. एकीच्या गर्भाशयातून २२५ गाठी वेचून काढल्या आणि ते पुन्हा शिवलं. तेव्हा दुर्बीण नव्हती, पोट उभं-आडवं फाडूनच. म्हणजे मोठं कापूनही अवयव जपता येतो. आणि हे काही परक्यांचंच नाही, वहिनी, तुमच्या थिएटरमधला शिरोडकर टाका ज्यांच्या नावाचा, त्या गोव्याच्या डॉ. विठ्ठल शिरोडकरांनी अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांसाठीही ऑपरेशन बसवलं होतं, गर्भाशय न काढता वर उचलून बांधायचं. मुंबईत.

"ते मला शिकवलेलं आहे," वहिनी म्हणाल्या. "पट्टी मी हातात दिलीय." मग हात धुऊन, पदराला पुसून म्हणाल्या, "रिपोर्ट आण."

इतका वेळ आम्ही जगभरच्या बायकांबद्दल बोलत होतो. माझा रिपोर्ट पिशवीतच होता.

वहिनींनी चष्मा लावला. पाकिटातून फिल्म काढून ट्यूबलाइटकडे धरली, मग कागद वाचला, बोट एकेका ओळीवर ठेवत. मागच्या भिंतीत ६.४ सेंटिमीटरची गाठ. खाली दुसरी ओळ, पोकळीत २.१ सेंटिमीटरची.

"हे तू वाचलंस का?"

"मोठी साडेसहाची आहे ते वाचलं."

"सगळ्या जणी मोठीच वाचतात. डॉक्टरही मोठीच सांगतात." त्यांनी दुसऱ्या ओळीवर नखानं रेघ ओढली. "मोठी भिंतीत आहे. ती पोट फुगवेल. रक्त बहुतेक ही घालवतेय, आतली. अस्तराच्या खाली बसलीय. पाळीत पिशवी आवळून रक्त थांबवते ना, ही मध्ये असली की आवळताच येत नाही. मोठीला नको, छोटीला घाबर."

मी तीन वर्षं मोठीला घाबरत होते. रात्री झोपताना पोटावर हात ठेवून ती चाचपत होते.

"हिला कुठूनच कापायला लागत नाही," वहिनी म्हणाल्या. खालच्या वाटेनं दुर्बीण आत घालतात, सलाइननं पोकळी फुगवतात, तारेच्या कडीनं गाठ पातळ कापांत तासून काढतात. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. गाठ पूर्ण पोकळीत असली तर सोपं; निम्म्याहून जास्त भिंतीत रुतलेली असली तर कधी दोनदा करावं लागतं. आणि ही तिथं असताना हार्मोनची तांबी बसवली तर रक्ताबरोबर घसरून पडायची शक्यता. "आणि तुझं ते रव्याचं आधी केलं असतंस, तर हीच मेली असती आणि हीच सुटून पडली असती. म्हणून विचारलं, जाते कुठे."

मी सुन्न झाले. मी ज्यासाठी भांडत होते ते मला लागूच नसेल, आणि वहिनी ज्यासाठी भांडत होत्या तेही आजच्या आज लागणार नव्हतं, हे त्या दोन बोटांएवढ्या ओळीत लिहिलेलं होतं. ते वाचून दाखवायला कुणी पाच मिनिटं दिली नव्हती. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी फिल्म दिली, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मोठीचा आकडा वाचला आणि तारीख सुचवली.

"म्हणजे काढायची नाही असं म्हणताय?"

"असं मी कुठं म्हटलं? मी अजूनही म्हणते काढ. छोटी गेली तरी मोठी आहे. तुला पाळी जायला अजून पाच-सात वर्षं आहेत, तोवर नव्या गाठी येतील. माझ्या मनाला विचारशील तर एकदा काढ, अंडाशयं ठेव, मोकळी हो." त्या थांबल्या. "पण आधी रक्त. ७.६वर कुठलाच भूलतज्ज्ञ तुला हात लावणार नाही, लावू नये. गोळ्यांनी महिने लागतील, लोहाचं इंजेक्शन शिरेतून घे. आणि अस्तराचा तुकडा तपासायला देतात का विचार, या वयात तेवढं बघून घ्यायचं. गौरीसाठी गोळ्या घेतल्यास का?"

घेतल्या होत्या. दरवर्षी घेते, पाळी पुढे ढकलायच्या. औषधाच्या दुकानातून, कुणाला न विचारता. आमच्या शाळेतल्या अर्ध्या शिक्षिका श्रावण-भाद्रपदात घेतात.

"बंद केल्यास की दुपटीनं जाईल. डॉक्टरांना सांग, चालू ठेवायच्या की कसं ते त्यांना ठरवू दे. गौर माझ्या घरी येते, तुझी पाळी आली तर तिला काय सांगायचं ते मी सांगीन."

पाक रव्यावर ओतला. तो मुरेपर्यंत हाताला काम नव्हतं. वहिनींनी रिपोर्टचं पाकीट उलटं केलं आणि बॉलपेननं लिहायला घेतलं, बरणीवर लिहीत असतील तशा सुट्या, स्वच्छ अक्षरात. छोटी किती आत, किती भिंतीत? ती एकटी काढली तर मोठीचं काय? मोठीला एम्बोलायझेशन नंतर करता येईल का? काढायचीच ठरली तर अंडाशयं ठेवणार ना, लेखी? त्याखाली थोडी जागा सोडून, माझ्याकडे न बघता, लिहिलं: पेशंटला काय हवंय?

"हे डॉक्टरांना विचारायचं?" मी म्हटलं.

"नाही. ते त्यांनी तुला विचारायचं. नाही विचारलं तर कागद पुढे कर."

"आणि छोटी काढून तीन वर्षांनी पुन्हा जायला लागलं, तर तेव्हा काढीन पिशवी. तुमचं ऐकीन."

"तीन वर्षांनी मी सत्तरीत असेन," वहिनी म्हणाल्या. त्यांनी टोपण लावून पेन ओट्यावर ठेवलं. "आत्ता पायांत बळ आहे. थिएटरच्या दाराशी चार तास बसू शकते. आत काय चाललंय ते मला बाहेरून कळतं, ट्रॉलीच्या आवाजावरून. तेव्हा तुझ्याबरोबर कोण बसेल?"

इतका वेळ त्या 'एकदाच काढ' का म्हणत होत्या, ते मला तेव्हा कळलं. मला काही बोलता आलं नाही.

मिश्रण मुरलं होतं. आम्ही लाडू वळायला बसलो, मी चौघडी केलेल्या टॉवेलवर, त्या पाटावर. बारा-पंधरा झाले असतील, तेव्हा त्या उठल्या, फ्रीज उघडला, बर्फाचे दोन्ही ट्रे मोरीत उलटे केले आणि कोरडेच परत ठेवून दिले.

"मंगळवारी सकाळची एसटी," त्या म्हणाल्या. "खिडकीची जागा मी धरते. तू बसून यायचंस."